लहान पोरांचं घर आवरताना: आधी धोका, मग जागा, डबे सगळ्यांत शेवटी

घर आवरायचं ठरलं की पहिली फेरी बाजारात होते. झाकणाचे रंगीत डबे, चाकांचा प्लास्टिकचा रॅक, दारामागे अडकवायचे कप्पे. आठवडाभर घर छान दिसतं. मग रॅकच्या वरच्या कप्प्यात लाइटबिलं, मधल्यात चार्जर आणि केसांच्या पिना, खालच्यात एकच मोजा आणि अर्धी खाल्लेली चिक्की. पसारा होता तेवढाच राहतो, वर रॅकने अडवलेली जागा वेगळी.

चूक क्रमात होते. कोणती वस्तू ठेवायची हे ठरायच्या आत डबा येतो, वस्तूची जागा कुठे हे ठरायच्या आत तो डबा कपाटात जातो, आणि ती जागा पोराच्या हाताला लागते का हे कुणी बघतच नाही. पुढचा क्रम दोन-तीन खोल्यांच्या, आजी-आजोबा सोबत असलेल्या, सात वर्षांच्या आतली पोरं असलेल्या खान्देशातल्या घरांसाठी आहे. नळ रोज येत नाही, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि दुपारभर दारं-खिडक्या लावून सगळं घर कूलरसमोर बसतं, हे त्यात गृहीत धरलं आहे.

१. कधी आणि कशाने सुरू करायचं

महाशिवरात्र ते होळी हा काळ सगळ्यांत बरा. ऊन अजून चढलेलं नसतं, वाळवणाचा पसारा पडलेला नसतो, वर्षाचा गहू घरात यायचा असतो. दिवाळीआधीची साफसफाई वेगळी. ती भिंती-जाळ्यांची असते. तिच्यात हे काम घुसवलं की दोन्ही अर्धवट राहतात.

नळाच्या दिवशी आवराआवर काढू नका. त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांचे हात भरण्यात आणि धुण्यात गुंतलेले असतात, आणि अर्ध्यावर सोडलेला ढीग पोरं दहा मिनिटांत घरभर नेतात. निवडानिवड कोरड्या दिवशी करा, धुण्यापुसण्याचं पाण्याच्या दिवशी.

सामान फार लागत नाही: चार रिकाम्या गोण्या, दोन जुन्या साड्या खाली अंथरायला, चिकटपट्टी, जाड पेन, सुतळी. बाजारातून काहीही आणू नका. एका वेळी एकच खोली घ्या, किंवा एकच कपाट. सलग तीन तासांच्या वर ओढू नका. त्यानंतर माणूस निवडत नाही, नुसता कोंबतो.

पोरांना त्या वेळेपुरतं आजोबांसोबत बाहेर धाडा. आपलं मोडकं खेळणं गोणीत जाताना पाहिलं की त्यांना तेच जगातलं सगळ्यांत लाडकं वाटायला लागतं.

२. धोक्याच्या वस्तू आधी हलवा

हा टप्पा बरेच जण शेवटी ठेवतात किंवा गाळतात. तो पहिला का? कारण आवरताना वरचं खाली येतं, बंद असलेलं उघडं पडतं, आणि घरात सगळ्यांत जास्त अपघाताची वेळ तीच असते.

जमिनीवर बसा. खरंच बसा, आणि रांगत्या पोराच्या उंचीवरून प्रत्येक खोली बघा. उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी दिसतील: खाटेखालची विळी, लोंबती इस्त्रीची वायर, आजोबांच्या उशीजवळची गोळ्यांची पट्टी.

त्या पट्टीवर थोडं थांबतो. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या बहुतेक घरांत उशाशी किंवा टीव्हीच्या टेबलावर असतात, कारण आजोबांना उठून जायला नको. मोठ्यांची एखादी गोळीही लहान पोराच्या पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं. आजोबांना ‘औषधं कपाटात ठेवा’ एवढंच सांगून भागत नाही. त्यांचे गुडघे दुखतात. कडीच्या छोट्या पत्र्याच्या डब्यात औषधं ठेवा आणि त्यांच्या खाटेजवळच, पण उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, भिंतीला फळी ठोकून तो डबा ठेवा. त्यांना चार पावलं पडतील, जमिनीवर उभ्या लहान पोराचा हात सहज पोचणार नाही.

बाकीचं असं:

- फवारणीची औषधं, उंदराचं औषध, तणनाशक राहत्या घरात ठेवू नका. शेतातल्या खोलीत किंवा बाहेरच्या कुलपाच्या पेटीत. औषध सांडलेले फवारणीचे कपडेही पोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.
- फिनेल, ॲसिड, घासलेट थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. पोराला बाटलीची ओळख असते, आतल्या वस्तूची नसते.
- गव्हात टाकायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, घरातून काढाच. ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो. बंद खोलीत धान्याशेजारी झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. गहू कडक उन्हात वाळवून, दाताखाली कट्ट वाजेल असा करून, थंड झाल्यावर कोठीत भरा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. डाळींना एरंडेल चोळलं की पुरतं.
- पाण्याचे ड्रम, टब, बादल्या यांवर घट्ट झाकण हवं. चालायला लागलेलं पोर बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकतं, कारण डोकं खाली गेलं की त्याला स्वतःला वर ओढता येत नाही. ड्रमजवळ पाट, स्टूल, उलटी घमेली ठेवू नका. ती त्याची शिडी होते.
- पत्र्याची मोठी पेटी, रिकामी कोठी, बंद पडलेला फ्रीज: लपाछपीत पोर आत शिरतं आणि झाकण बसलं की बाहेर आवाजही येत नाही. पेटीला कुलूप लावा. फ्रीजचं दार उखडूनच टाका.
- गोल चपटे सेल, रिमोटमधले किंवा चमकणाऱ्या खेळण्यांतले. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून जाळू शकतो. सेलच्या झाकणाला स्क्रू नसलेलं खेळणं घरात नको.
- कूलर: पाणी भरताना आधी पिन काढा, बटण बंद करून भागत नाही. वायर पोराच्या वाटेत नको, आणि जाळीत बोट शिरत असेल तर आतून बारीक जाळी बांधा.

> इशारा: घासलेट, ॲसिड किंवा औषध पोटात गेलं तर उलटी करवू नका, दूध किंवा मिठाचं पाणी पाजत बसू नका. बाटली किंवा पट्टी सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

३. दोन-तीन दिवस फक्त बघा

आता आवरायला हात शिवशिवतील. थांबा. वस्तू कुठे पडतात ते टिपून ठेवा. चपला दारात पडतात, दप्तर दिवाणावर, मोजे टीव्हीसमोर, पाण्याची बाटली ओट्याखाली. पोरं आणि नवरेमंडळी वस्तू जिथे वापरतात तिथेच टाकतात, आणि ही सवय मोडण्यापेक्षा जागा तिथे नेणं सोपं. दप्तर रोज दिवाणावर पडत असेल तर दप्तराची खुंटी दिवाणाशेजारीच हवी. आतल्या खोलीतल्या कपाटात ते कधीच जाणार नाही.

उन्हाळ्यात हे दुपारी बारा ते पाचमध्ये बघा. सगळी पोरं एकाच खोलीत कूलरसमोर असतात, आणि घरातला बहुतेक पसारा त्या पाच तासांत, त्या एका खोलीत होतो. खेळण्यांची जागा तिथेच द्या, पण कूलरच्या पाण्यापासून आणि वायरपासून दूरच्या भिंतीला.

४. बाहेर काढा

साड्या अंथरा. कपाट पूर्ण रिकामं करा. अर्धं काढून अर्धं आत ठेवलं की जुनंच परत जागेवर जातं. चार गोण्या, चार ठिकाणं: राहील, दुसऱ्याला जाईल, दुरुस्तीला, टाकायचं.

पोरांच्या कपड्यांत सगळ्यांत मोठा ढीग निघतो. अंगाला लावून बघा, आठवणीवर जाऊ नका. आखूड झालेले पण धड असलेले कपडे भावा-बहिणीच्या पोरांना, विटलेले बोहारणीला, सुती आणि मऊ झालेले गोधडीला किंवा फडक्यांना. पुढच्या मापाचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून वर वय लिहा, ‘४ ते ५’ असं. नाहीतर ते सापडतात तेव्हा तेही आखूड झालेले असतात.

खेळण्यांना फार वेळ देऊ नका. मोडकी टाका, उरलेल्यांचा एक तृतीयांश बाहेर ठेवा, बाकी गोणीत बांधून माळ्यावर. पंधरवड्याने अदलाबदल. माळ्यावरून उतरलेली गाडी पोराला नवीच वाटते.

आता नाजूक भाग. सासूबाईंची पितळी भांडी, सासऱ्यांच्या जुन्या पावत्या, रिकाम्या बरण्या, ‘असू दे, कामी येईल’ म्हणून ठेवलेली सुतळी. त्यांच्या वस्तूंना हात लावू नका, आणि त्या बाहेर गेलेल्या असताना तर मुळीच लावू नका. एकदा न विचारता काही टाकलं की पुढची दहा वर्षं घरात हरवलेली प्रत्येक वस्तू तुम्हीच टाकलेली असते. त्यांना एक पेटी आणि एक फळी पूर्ण द्या, आत काय ठेवायचं ते त्यांचं त्या बघतील. अट एकच: फळीबाहेर काही येणार नाही. आईंना मोकळेपणाने सांगा, ‘आई, ही जागा तुमची, इथे पोरंही हात लावणार नाहीत.’ हे वाक्य सहसा काम करतं, कारण त्यांच्या वस्तूंची नासधूसही पोरंच करत असतात.

> तपासा: ‘दुसऱ्याला जाईल’ची गोणी त्याच दिवशी घराबाहेर गेली का? रात्रभर राहिली तर सकाळी तिच्यातून चार वस्तू परत आलेल्या असतात.

५. उंचीप्रमाणे जागा द्या

सगळ्या आवरण्याचा कणा हाच. भिंतीवर पेन्सिलने तीन खुणा करा.

*जमिनीपासून दोन फूट:* फक्त पोरांचं. खेळणी, चित्रांची पुस्तकं, त्यांच्या चड्ड्या-बनियनं, त्यांची ताट-वाटी.

*दोन ते चार फूट:* घरातलं न फुटणारं. स्टीलची भांडी, पलंगपोस, पीठ मळायची परात. पोराने ओढलं तरी आवाजच होईल.

*चार फुटांच्या वर:* मोठ्यांचं रोजचं. चार फूट का? तीन वर्षांचं पोर साधारण तीन फूट उंच असतं आणि हात वर केला की पावणेचारपर्यंत पोचतं.

धोक्याच्या वस्तूंना नुसती उंची पुरत नाही. खुर्ची ओढून, तिच्यावर उशी ठेवून पोर साडेपाच फुटांवर पोचतं. त्यांना उंची आणि कडी, दोन्ही.

इथे हमखास होणारी चूक: खेळणी शोकेसच्या वर, आणि काचेचे कप खालच्या कप्प्यात. खेळणी वर ठेवली की पोर दिवसातून वीस वेळा ‘काढून दे’ म्हणतं, आणि परत ठेवायचं काम आपोआप तुमचंच होतं. हात पोचतो तिथेच पोर वस्तू परत ठेवू शकतं.

दुसरी चूक दिवाणातली. दिवाणाच्या पोटात रोज लागणारं काही ठेवू नका. गाद्या उचला, फळी वर करा, शोधा, परत घाला. एवढं रोज कुणी करत नाही, मग वस्तू गादीवरच राहते. शिवाय फळी पोराच्या बोटांवर पडते. तिथे पाहुण्यांच्या गोधड्या आणि थंडीचे कपडे, बस.

उंच कपाट आणि टीव्हीचं टेबल भिंतीला पट्टीने आवळून घ्या. खण उघडून त्यावर पाय देऊन चढणारं पोर अख्खं कपाट अंगावर ओढून घेऊ शकतं. सुताराचं अर्ध्या तासाचं काम.

६. आता डबे

कोणती वस्तू, किती आणि कुठे, हे ठरल्यावरच. जागेची लांबी-रुंदी सुतळीने मोजून न्या.

पोरांसाठी झाकण नको. झाकण उघडणं पोराला जमतं, लावणं जमत नाही, आणि झाकणाचा डबा म्हणजे पोरासाठी बंद दुकान. पसरट, उथळ, हलकं काहीही चालेल: प्लास्टिकच्या टोपल्या, जुन्या बादल्या, फळवाल्याकडचं जाड पुठ्ठ्याचं केळीचं खोकं. खोक्याच्या कडांना चिकटपट्टी मारली की ते वर्ष काढतं. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं तोंड कापून वापरायचं तर कड आत दुमडून ठोकून घ्या. कापलेला पत्रा ब्लेडपेक्षा वाईट.

डब्यावर अक्षरं लिहून उपयोग नाही, वाचता येत नाही. गाडीच्या टोपलीला गाडीचं चित्र, ठोकळ्यांच्या टोपलीला खरा एक ठोकळा चिकटवा. चार-पाच टोपल्यांच्या वर जाऊ नका. ‘प्राणी’, ‘मोठ्या गाड्या’, ‘छोट्या गाड्या’ अशी बारीक वाटणी आईला आवडते, पोर दुसऱ्या दिवशी सगळं एकत्र करतं.

७. दार, दप्तर, गणवेश

सकाळची आरडाओरड बहुधा एक मोजा आणि एका बाटलीपायी असते. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की आणखी घाई.

पोराच्या खांद्याएवढ्या उंचीवर, म्हणजे अडीच-तीन फुटांवर, प्रत्येकाची एक खुंटी. टोक गोल असलेलीच घ्या. ही उंची डोळ्यांच्या जवळची आहे. रात्री जेवणाआधी गणवेश, मोजे, रुमाल एका पिशवीत घालून खुंटीला, आणि दप्तर भरून त्याखाली. बाटली मात्र सकाळी ओट्यावरच भरायची, कारण रात्री भरलेली सकाळी कोमट लागते आणि पोर पीत नाही.

चपलांसाठी दाराच्या आत पोराच्या पावलांची चित्रं ऑइलपेंटने काढा. खडूने काढलेली दोन दिवसांत पुसली जातात. लहान पोरं पावलावर पाऊल ठेवायला धावत येतात. हा खेळ सहा वर्षांपर्यंत सहज टिकतो.

८. रोजचं आवरणं

दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं: दुपारी झोपण्याआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला. रात्री झोपताना आवरायला लावू नका. पोर पेंगुळलेलं असतं, तुम्ही थकलेल्या, आणि रोजची रडारड ठरलेली.

‘पसारा आवर’ हे पोराला कळत नाही. ‘गाड्या टोपलीत टाक’ हे कळतं. एका वेळी एक वस्तू, एक जागा. दोन वर्षांचं पोर चेंडू टोपलीत टाकतं. तीन-चारचं चपला लावतं आणि आपलं ताट मोरीत नेऊन ठेवतं. पाच-सहाचं रुमाल-टॉवेलच्या घड्या घालतं; वाकड्या येतील, येऊ द्या. त्याच्यासमोर ती घडी उलगडून सरळ केली की उद्या ते घालणार नाही.

आणि मग आजी येते. ‘ऱ्हाऊ दे वं माय, धाकलं शे आजून’ म्हणत सगळं स्वतः उचलते. भांडू नका. आजीलाच टोपली धरायला बसवा: ती धरेल, पोर आणून टाकेल. तिला लाड करायला मिळतो, काम पोराच्या हातून होतं. बाबांचं तर त्याहून सोपं. ऑफिसातून आल्यावर त्यांचे बूट खोलीच्या मधोमध निघाले, तर पोराला सांगून काही उपयोग नाही.

> तपासा: झोपताना खोलीतली जमीन मोकळी आहे का? एवढंच बघा. कपाटाच्या आत काय चाललंय ते रविवारी.

९. कापूस, वाळवण, आखाजी

चांगली लावलेली घडी या तिन्हींत विस्कटते.

भाव वाढेल म्हणून घरात भरलेला कापूस पोरांच्या उड्या मारायची जागा होतो. अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, आणि ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. कापसाच्या खोलीला बाहेरून वरची कडी लावा, तिथला विजेचा बोर्ड बंद ठेवा आणि देवाचा दिवा, उदबत्ती, मोबाईलचं चार्जिंग त्या खोलीत नको. त्या खोलीत पोरांचे कपडे असतील तर कापूस यायच्या आतच बाहेर काढा. नंतर कपाटाचं दारच उघडत नाही.

पापड, कुरडया, बिबड्यांच्या दिवसांत खाटा आणि साड्या गच्चीवर जातात, परातीही जातात. गच्चीच्या दाराला वरची कडी हवी. बायका पीठ शिजवायला खाली उतरल्या की पोरं वर जातात. चुलीवरचं उकळतं पातेलं अंगणात असेल तर एका माणसाचं काम त्या दिवशी फक्त पोरं सांभाळणं. लाटता लाटता लक्ष ठेवू, असं होत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी पोरांसह येतात. आदल्या दिवशी दोनच टोपल्या बाहेर ठेवा, बाकी खेळणी बांधून माळ्यावर चढवा, आणि आपल्या पोराची सगळ्यांत लाडकी दोन खेळणी त्यालाच लपवायला सांगा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पाहुणे आले की धोक्याच्या वस्तूंची फेरी पुन्हा मारा: मावशीच्या पर्समध्येही गोळ्या असतात.

श्रावणात कानबाई देवीच्या सणाआधी, म्हणजे रोटांआधी, घर झाडून-रंगवून निघतंच, तेव्हा भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणाही तपासून घ्या. होळीला चार फुटांपर्यंत न पोचणारं पोर श्रावणात पोचू शकतं. रंग देणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर खुणाच पुसल्या जातील.

कूलर मात्र पावसाची वाट न बघता आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामा करून, घासून, कोरडा करायचा. डासांची अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. काढलेलं पाणी झाडांना घाला.